बोगद्यात अडकलेली मॅच

समजा तुम्ही सुट्टीत मांडवी एक्सप्रेसने मुंबईहून रत्नागिरीला निघाला आहात. बाबांच्या मोबाइलवर मॅच ऐन रंगात आलीय. उक्षी स्टेशन मागे पडतं आणि गाडी करबुडेच्या बोगद्यात शिरते. हा बोगदा चांगला साडेसहा किलोमीटर लांब! ताशी ६५ किलोमीटरने धावली तरी गाडीला बाहेर पडायला ६ मिनिटं. रेंज जाते, पडद्यावर चक्र गोल गोल फिरू लागतं आणि बाबा वैतागतात. पण शेजारच्या ताईचा सिनेमा मात्र अजून चालूच! असं का बरं?

त्याचं असं आहे, व्हिडिओ मोबाइलवर अखंड येत नाही. त्याचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा स्वच्छ, बरा, धूसर अशा वेगवेगळ्या प्रतींत तयार असतो. इंटरनेट जोरात असलं की मोबाइल स्वच्छ तुकडा मागवतो, मंदावलं की धूसरावर भागवतो. शिवाय पुढचे तुकडे आधीच आणून ठेवतो, आपली आजी पावसाळ्याची बेगमी करते ना, तशी! सिनेमाची अशी बेगमी करता येते. मॅचची कशी करणार? पुढचा चेंडू अजून पडलेलाच नाही!

मग रेंज कमी झाली तर चित्र धूसर करावं की थांबू द्यावं? हे ठरवायला शास्त्रज्ञांनी चक्क प्रेक्षकांची परीक्षा घेतली. छे, परीक्षा व्हिडिओची, गुण देणारे प्रेक्षक! १ म्हणजे अगदी वाईट, ५ म्हणजे उत्तम. त्यातून कळलं, की धूसर चित्रापेक्षा थांबलेल्या चित्राचा लोकांना जास्त राग येतो. सारख्या वरखाली होणाऱ्या चित्रापेक्षा साधंच पण एकसारखं चित्र पुष्कळांना बरं वाटतं. बिघाड चटकन डोळ्यात भरतो, सुधारणा तितकीशी नाही. अर्थात बातम्या सांगणाऱ्या ताई थोड्या धूसर दिसल्या तरी चालतं. चेंडू दिसला नाही तर काय कामाचं?

पण प्रत्येक व्हिडिओसाठी माणसं कुठून आणायची? अमेरिकेतल्या ॲलन बोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्र डोळ्यांना कसं वाटेल ते गणिताने मोजण्याची एक रीत २००४ मध्ये मांडली. तिला २०१५ मध्ये टीव्हीच्या जगातला एमी पुरस्कारही मिळाला.

तुम्हीही घरी परीक्षा घ्या. एकच गाणं आजीला दोनदा दाखवा. एकदा सगळं ३६० वर, दुसऱ्यांदा अर्धं १०८० वर आणि उरलेलं १४४ वर. कुठलं कसं ते मुळीच सांगू नका, नुसते गुण लिहून घ्या. मग क्रम उलटा करून आजोबांना दाखवा. आजोबांना चष्मा लावायची आठवण करा. आणि हो, आधी बाबांना विचारा, नाहीतर त्यांचा दिवसाचा डेटा संपायचा!