पात्याच्या पोटातलं लाकूड

पवनचक्कीच्या पात्याचं कवच म्हणजे काचतंतूंचे दोन थर आणि मधे हलका गाभा, बहुधा बाल्सा लाकूड किंवा पीव्हीसी फोम. थर एकमेकांपासून जितके दूर, तितकं कवच वाकायला अवघड. वजन मात्र फारसं वाढत नाही.

कोरडे थर आणि गाभा साच्यात मांडतात, वर प्लास्टिकची पिशवी सील करून हवा उपसतात, मग रेझिन आत ओढलं जातं. खरा कस गाभ्याच्या निवडीत लागतो. विमानांत उत्तम ठरणारा षटकोनी जाळीचा गाभा इथे कुचकामी, कारण त्याची घरं रेझिननं भरून जातात. थर्मोकोल तर पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीननं चक्क विरघळतो! म्हणून फोम हवा तो बंद पेशींचा, रेझिन वाहायला खाचा पाडलेला. बाल्सा मुख्यतः इक्वाडोरमधून येतं. धाग्यांची टोकं थरांकडे करून ठोकळे बसवले की ते दाब फार छान पेलतं. पण पाणी शिरलं तर कुजतं, शिवाय रेझिनही जास्त पितं.

रेझिन पातळ हवं, सावकाश घट्ट होणारं. पॉलिएस्टर स्वस्त, पण आकसतं. पाण्यात राहणाऱ्या होडीला व्हिनाइल एस्टर चांगलं. वर्षानुवर्षं हेलकावे सोसणाऱ्या लांब पात्याला मात्र मी महागडं एपॉक्सीच निवडेन.