ताप कधीपासून? मुलालाच सांगू द्या!

पावसाळा आला की लालबाग-परळच्या आयांना एकच धास्ती, हिंदमाताला पाणी भरेल का? भूमिगत टाक्या बांधल्यापासून फरक पडलाय हे खरं, पण मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की भरवसा नाही. आणि क्लास सुटलेली पोरं चपला हातात घेऊन त्याच पाण्यातून मजेत घरी येतात.

दर शनिवारी आमच्या मंडळाच्या खोलीत मी आठवी ते दहावीच्या मुलांचा आरोग्यवर्ग घेते. एकदा विचारलं, ‘‘लेप्टो कशामुळे होतो?’’ भराभर हात वर. ‘‘उंदराच्या मूत्रातल्या जिवाणूंमुळे!’’ शाब्बास. ‘‘मग साचलेल्या पाण्यातून चालून आल्यावर काय करायचं?’’ सगळे गप्प. शेवटी एक मुलगी पुटपुटली, ‘‘आईला सांगायचं नाही. ओरडते.’’

आता बोला! पेपरात पैकीच्या पैकी मार्क, आणि प्रत्यक्षात हे. आरोग्याची माहिती मिळवणं, ती समजणं, खरी-खोटी पारखणं आणि वेळेला वापरणं, या सगळ्याला मिळून आरोग्यसाक्षरता म्हणतात. आपली मुलं पहिल्या पायरीवर हुशार आहेत, शेवटच्या पायरीवर अडतात.

लेप्टोचंच बघा. जिवाणू पायाच्या भेगेतून, खरचटलेल्या जागेतून आत शिरतो. ताप येतो बहुधा पाच ते चौदा दिवसांनी. तोवर पाणी ओसरलेलं आणि आपणही विसरलेलो! डोकं दुखतं, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. दुर्लक्ष झालं तर मूत्रपिंड, यकृत यांवर बेततं. २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर मुंबईने हे भोगलंय. म्हणूनच पाण्यातून चाललेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्यावी, असं महापालिका सांगत असते. लहान मुलांचं आणि गरोदर बायकांचं औषध वेगळं असतं, म्हणून शेजारणीची गोळी चालत नाही.

शेजारच्या चाळीतला एक अकरावीतला मुलगा असाच तापला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? उत्तर आईने दिलं, ‘‘बाहेरचं खाल्लं असेल हो, दुसरं काय!’’ तो मान खाली घालून बसलेला. पाचव्या दिवशी डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली, तेव्हा पालिकेच्या रुग्णालयात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आईला थांबवलं आणि त्यालाच विचारलं, ‘‘पंधरा दिवसांत कुठे साचलेल्या पाण्यातून चाललास का रे?’’ तेव्हा कुठे हिंदमाता बाहेर आलं. डायलिसिस करावं लागलं. वाचला.

तेव्हापासून वर्गात आम्ही डॉक्टर-पेशंट खेळतो. ताप कधीपासून, कुठे गेलो होतो, कुठलं औषध घेतलं, हे मुलानेच सांगायचं. आई बनलेल्या मुलीने मध्ये तोंड घातलं की ती बाद! (नक्कल इतकी हुबेहूब करतात की आम्हीच लाजतो.)

मुलींची गोष्ट आणखी अवघड. पाळीत महिन्याला दोन दिवस शाळा बुडते, पण चिठ्ठीत लिहायचं ‘पोटात दुखत होतं’. शरीराबद्दल विचारणं म्हणजे चावटपणा, हा समज आपल्याकडे फार जुना. मुंबईतच र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं छापली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांची बाजू कोर्टात मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. इतकी वर्षं झाली, तरी चिठ्ठीत पोटच दुखतंय.

येत्या शनिवारी मुलं घरातल्या गोळ्यांची पाकिटं घेऊन येणार आहेत. मुदत कुठे छापलेली असते, आणि काही पाकिटांवर उभी लाल रेघ का असते, ते बघायचंय. लाल रेघेची गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. एकाने आत्ताच सांगून ठेवलंय, ‘‘काकू, आमच्या डब्यात तर सगळ्या लाल रेघेच्याच आहेत. बाबा मेडिकलवाल्याला विचारून आणतात.’’ त्याला म्हटलं, अख्खा डबाच घेऊन ये. आणि जमलं तर बाबांनाही.