धुळीच्या मागे फिरणारा गाडा

करवत चालली की पायाशी पडलेला भुसा दिसतो आणि झाडताही येतो. भीती आहे ती हवेत तरंगत राहून फुप्फुसांत खोल उतरणाऱ्या बारीक धुळीची. इंग्लंडमधील हाय विकम परिसरातल्या फर्निचर कारागिरांमध्ये नाकाच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे असल्याचे तिथल्या डॉक्टरांनी १९६०च्या दशकात दाखवून दिले. १९९५मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली.

ही धूळ उठते तिथेच ओढून घ्यायला हवी. लहान कारखान्यात हे काम व्हॅक्यूम आणि सायक्लोन मिळून करतात. सायक्लोन म्हणजे खाली निमुळता होणारा शंकू. कडेने शिरलेली हवा त्यात गरगर फिरते, जड कण भिंतीला घासत खालच्या बादलीत पडतात आणि हवा मधल्या नळीतून व्हॅक्यूमकडे जाते. बहुतेक भुसा बादलीतच राहतो, त्यामुळे फिल्टर लवकर तुंबत नाही. या युक्तीचे पेटंट अमेरिकेत जॉन फिंच यांनी १८८५ साली घेतले.

पाइप जितका लांब, तितकी ओढ कमी. म्हणून यंत्रणाच करवतीजवळ न्यावी लागते. पण हलक्या बादलीवर उंच शंकू आणि त्याला जाड पाइप, अशी ही रचना एका हिसक्यात आडवी होते. मग ती कोपऱ्यात पडून राहते.

हा प्रश्न साधा गाडा सोडवतो. तळाला १८ मिलिमीटरचे प्लायवूड घ्यावे. जड व्हॅक्यूम सर्वांत खाली ठेवावा. चाके अगदी कोपऱ्यांत, नट-बोल्टने बसवावीत. निदान दोन चाकांना ब्रेक हवेत. जमिनीवरच्या वायरी आणि ढलप्या ओलांडायच्या असल्याने फार लहान चाके चालत नाहीत. तळावर उभारलेली चौकट झुलू नये म्हणून मागे सलग फळी ठोकावी. बादली जाड हवी, नाहीतर पाइप तुंबताच ती आत चेपते. झाकण हवाबंद हवे. तिथे फट राहिली तर भुसा व्हॅक्यूममध्ये जातो. पाइप चौकटीला बांधावा, म्हणजे हिसका शंकूला बसत नाही.

शेवटी ब्रेक सोडून पाइप पूर्ण ताणून ओढून पाहावा. गाडा सरकला तर उत्तम. कलला तर तळ रुंद करावा.

नवे यंत्र घेण्याआधी हा गाडा बांधा आणि बादली रिकामी करताना मास्क लावा. कारागिराच्या हातातले कसब टिकायचे, तर आधी त्याचा श्वास सांभाळला पाहिजे.