तयार कपाटे आणि जुना ओटा

स्वयंपाकघर नवे करण्याचा विचार बहुतेक घरांत एखाद्या मोडक्या फडताळापासून सुरू होतो. दार बिजागरीतून निखळलेले असते, तळाची फळी ओलीने फुगलेली असते, आणि पिठाचा डबा काढण्यासाठी घरातील वडीलधाऱ्या बाईला दिवसातून दहा वेळा ओट्याखाली वाकावे लागते. सुताराला बोलावले तर तो लाकूड, मजुरी आणि महिनाभराचे काम यांचा हिशेब सांगतो; मोठ्या दुकानात गेले तर तेथील आकडा ऐकून पाऊल मागे येते. अशा वेळी तिसरा मार्ग समोर येतो, तो सुट्या भागांत मिळणाऱ्या तयार कपाटांचा. पुठ्ठ्याच्या सपाट खोक्यांत कापलेल्या फळ्या, स्क्रू, बिजागऱ्या आणि जोडणीची चित्रे असलेले एक पत्रक मिळते. कपाट उभे करण्याचे काम घरच्या माणसांनी करावयाचे असते. हा मार्ग खरोखरच स्वस्त आहे काय, आणि तो कोणाला स्वस्त पडतो, याचा विचार खरेदीपूर्वी होणे इष्ट आहे.

ठराविक मापाच्या कपाटांची कल्पना नवी नाही. १९२६ साली जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात कामगारवस्तीसाठी नवी घरे बांधली जात असता मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुशिल्पी स्त्रीने त्यांच्यासाठी एक लहानसे स्वयंपाकघर आखले. त्याची रुंदी १.९ मीटर आणि लांबी ३.४ मीटर होती. आगगाडीच्या भोजन-डब्यातील अरुंद मुदपाकखान्यात आचारी कमीत कमी हालचालींत शेकडो ताटे कशी वाढतात, याचा अभ्यास तिने केला होता. एकाच मापाची कपाटे कारखान्यात तयार झाल्यामुळे सुमारे दहा हजार घरांत ते स्वयंपाकघर बसविता आले. पुढे १९५६ साली स्वीडनमधील आयकिया कंपनीने सामान सुटे करून सपाट खोक्यात विकण्यास आरंभ केला. एक टेबल मोटारीत मावेना, म्हणून त्याचे पाय काढण्यात आले आणि त्यातून ही युक्ती सुचली, असे सांगतात. याच कंपनीचे भारतातील पहिले दुकान २०१८ च्या ऑगस्ट महिन्यात हैदराबादेत उघडले. आज अशी कपाटे देशी कारखानेही बनवितात.

ही कपाटे स्वस्त का, हे समजून घेतले म्हणजे पुढच्या पुष्कळ चुका टळतात. उभे कपाट वाहून नेताना गाडीत निम्म्याहून अधिक जागा पोकळीची असते. सपाट खोके त्या पोकळीचे भाडे वाचविते. ठरलेल्या मापांची हजारो कपाटे एकदम कापल्याने यंत्राचा खर्च विभागला जातो. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची बाब अशी की, माप घेणे, जोडणे आणि भिंतीला बसविणे ही सुताराची तीन कामे गिऱ्हाइकाच्या अंगावर येतात. सुताराचे माप चुकले तर तो रंधा घेऊन ते सुधारतो. तयार फळीला ती सोय नाही. तिची धार कापली की आतला भुसा उघडा पडतो आणि दुकानदार ती परत घेत नाही. म्हणजे वाचणारी मजुरी ही एक प्रकारची जोखीम आहे. ती नीट सांभाळली तरच बचत पदरात पडते.

येथे जुन्या घरांपुढे एक खास प्रश्न उभा राहतो, आणि तो ओट्याचा. हैदराबादेतील काचीगुडा किंवा सुलतान बाजार असो, बेळगाव असो की इंदूर, जुन्या मराठी घरांत ओटा बहुधा कडाप्प्याच्या उभ्या लाद्यांवर किंवा विटांच्या आडव्या-उभ्या भिंतींवर टेकलेला असतो. तो स्वतःच्या पायावर उभा असतो. तयार कपाटांची रचना याच्या अगदी उलट आहे. तेथे आधी कपाटे ओळीने मांडतात आणि वरचा दगड त्या कपाटांवर ठेवतात. कपाट हेच ओट्याचे पाय होत. म्हणून तयार कपाट जुन्या ओट्याखाली सरकवून देऊ, असे जे अनेकांना वाटते, ते सहसा जमत नाही.

आकडे पाहिले की ही अडचण स्पष्ट होते. खालच्या तयार कपाटाची उंची सामान्यतः ७२ सेंटिमीटर असते आणि त्याखाली सुमारे १० सेंटिमीटरचे पाय लागतात, एकूण ८२. समजा, जुना ओटा जमिनीपासून ८१ सेंटिमीटर उंच आहे. दगडाची जाडी वजा जाता खाली ७७ सेंटिमीटरच उरतात. पाय काढून टाकले तर कपाट आत जाईल, परंतु ते थेट फरशीवर बसेल, आणि आपल्याकडे फरशी पाण्याने धुण्याची रीत असल्याने एका पावसाळ्यात त्याचा तळ फुगेल. रुंदीचेही तसेच. दोन उभ्या लाद्यांमध्ये ५६ सेंटिमीटर अंतर असेल तर ६० चे कपाट मावत नाही आणि ५० चे घेतल्यास सहा सेंटिमीटर जागा वाया जाते.

अशा घराने प्रथम एकच निर्णय करावा: ओटा ठेवावयाचा की फोडावयाचा? ओटा भक्कम आणि योग्य उंचीचा असेल, तर तो फोडण्यात अर्थ नाही. खालच्या कप्प्यांना चौकट व दारे सुताराकडून मापानुसार करून घ्यावीत, आत सरकत्या जाळ्या बसवाव्यात, आणि तयार कपाटे भिंतीवर व मोकळ्या कोपऱ्यात उभी करावीत. पुष्कळ कुटुंबांना हीच तडजोड सर्वांत स्वस्त पडते. ओटा भेगाळलेला, फार ठेंगणा किंवा गळका असेल तरच तो काढून संपूर्ण नवी मांडणी करावी. मात्र मग फोडकाम, मलबा, नळ आणि नवा दगड यांचा खर्च कपाटांच्या किमतीत आधीच मिळवावा.

उंची ठरविताना पत्रकातील आकड्यापेक्षा घरातील बाईच्या कोपराकडे पाहावे. सरळ उभे राहून हात दुमडला असता कोपर जेथे येते, त्याच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली ओट्याचा पृष्ठभाग असावा. पाच फूट उंचीच्या स्त्रीला सुमारे ८० ते ८५ सेंटिमीटरचा ओटा सोयीचा होतो. परदेशी मापाचा ९० सेंटिमीटरचा ओटा तिला पोळी लाटताना खांदे उचलावयास लावील. कपाटांचे पाय फिरवून उंची थोडी कमीजास्त करता येते, ही तयार कपाटांची मोठीच सोय आहे.

आता मापाविषयी. जुन्या घराची भिंत डोळ्यांना सरळ दिसते, पण ओळंबा सोडला की तिचे पोट बाहेर आलेले कळते. म्हणून प्रत्येक भिंतीची लांबी तीन ठिकाणी मोजावी: फरशीलगत, ओट्याच्या उंचीवर आणि डोक्याच्या उंचीवर. तिन्हींतील सर्वांत लहान आकडा खरा मानावा. समजा, एक भिंत खाली २४० सेंटिमीटर आणि मध्ये २३७ भरली. ६० ची चार कपाटे म्हणजे बरोबर २४०, असा हिशेब करून खरेदी केली, तर चौथे कपाट बाहेरच राहील. तेथे ६० ची तीन आणि ५० चे एक घ्यावे. उरलेल्या सात सेंटिमीटरांत भरणीची पट्टी बसवावी. ही पट्टी म्हणजे कमीपणा नव्हे. कोपऱ्याशी ती नसेल तर शेवटचे दार भिंतीला अडते आणि खण पुरता उघडत नाही. दोन भिंतींचा कोन काटकोन आहे की नाही, हे पाहण्यास गवंड्याची जुनी रीत पुरते: एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट खूण करावी, खुणांमधील अंतर पाच फूट भरले तर कोन बरोबर.

फळीची पारख त्यानंतर करावी. सर्वांत स्वस्त ती लाकडाच्या बारीक कपच्या दाबून केलेली पार्टिकल बोर्डाची. ती कोरड्या जागी उत्तम टिकते. मात्र पाणी शिरले की फुगते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. प्लायवुडावर ‘एमआर’ अशी अक्षरे असतील तर ते काही प्रमाणात दमटपणा सोसते, पाणी नव्हे. ‘बीडब्ल्यूआर’ असेल तर ते ओलाव्याला अधिक दाद देत नाही. सगळे स्वयंपाकघर महाग फळीचे करण्याची गरज नसते. मोरी किंवा सिंकखालचे एक कपाट चांगल्या प्लायवुडाचे घ्यावे, भिंतीवरची व कोरड्या भागातील साध्या बोर्डाची चालतात. गोव्यासारख्या दमट हवेत हा भेद विशेष पाळावा. नळासाठी भोक पाडले किंवा धार कापली, तर तो उघडा भाग त्याच दिवशी सिलिकॉनने बंद करावा. नव्या फळ्यांना चिकटद्रव्याचा वास येतो, यासाठी पहिले काही दिवस दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

जोडणीत घाई करू नये. सर्व तुकडे पत्रकाप्रमाणे मोजून मगच आरंभ करावा. खुंट्या बसवून फळ्या जुळवाव्यात आणि आतली गोल चकती फिरवून त्या आवळाव्यात. शेवटचे फेरे विजेच्या यंत्राने न देता हातानेच द्यावेत, कारण बोर्डातील भोक एकदा सैल झाले की स्क्रू पुन्हा धरत नाही. पाठीची पातळ फळी ठोकण्यापूर्वी कपाटाचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान असतील तरच कपाट काटकोनात आहे. पाठीची फळीच त्याला चौकोनात धरून ठेवते; तिरके कपाट तसेच ठोकले, तर पुढे कोणत्याही बिजागरीने दार सरळ होत नाही.

बसविण्याचा क्रमही ठरलेला आहे. नळ, वीज आणि रंगकाम आधी, मग भिंतीवरची कपाटे, कारण त्या वेळी खाली उभे राहण्यास जागा मोकळी असते, नंतर खालची, त्यावर दगड, आणि दारे सर्वांत शेवटी. फरशीचा उतार मोरीकडे असतो, म्हणून पाणसळ लावून फरशीचा सर्वांत उंच बिंदू शोधावा आणि पहिले कपाट तेथे ठेवावे. बाकीच्यांचे पाय उंचावून पातळी जुळविता येते. चुन्याच्या किंवा मातीच्या जुन्या भिंतीत साधी गुटी धरत नाही. तेथे आधी एक भोक पाडून पाहावे, आणि भिंत भुगा सोडू लागली तर वजनदार पितळी भांड्यांचे कपाट जमिनीवरच ठेवावे. डोक्यावर लटकणाऱ्या कपाटाच्या बाबतीत काटकसर करणे योग्य नव्हे.

गॅसच्या सिलिंडरविषयी तर अधिकच दक्षता हवी. स्वयंपाकाचा हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली की तो खाली साचतो. शक्य तर सिलिंडर बंद कपाटात ठेवूच नये. ठेवणे भागच असेल तर त्या कप्प्याला तळफळी नसावी, सिलिंडर फरशीवर उभा असावा, दाराला खालच्या बाजूस मोठी छिद्रे असावीत आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंच असावी. नळी कपाटाच्या पाठीमागे दडवू नये. ती रोज नजरेस पडली पाहिजे.

तात्पर्य, तयार कपाट स्वस्त असते ते मोजणाऱ्याला. ज्या घरात दोन रविवार माप घेण्यात आणि चार रविवार जोडण्यात घालविण्याची तयारी आहे, तेथे सुताराची मजुरी वाचते आणि काम मनाजोगते होते. ज्यांना तेवढी सवड नाही त्यांनी जोडणीचे पैसे देऊन जाणत्या माणसाला बोलवावे. त्यात कमीपणा काहीच नाही. सारे एकदम करण्याचाही हट्ट नको. आधी एकच भिंतीवरचे कपाट आणून जोडावे, त्यातून हात बसतो आणि भिंतीचा स्वभावही कळतो. आणि पहिल्याच कपाटात पिठाचा डबा कमरेच्या उंचीवर आला, वडीलधाऱ्या बाईचे वाकणे थांबले, तर स्वयंपाकघराच्या नूतनीकरणाचा अर्धा हेतू तेथेच साधला असे समजावे.