साथीच्या काळातलं कॉलेजचं ऑफिस

अनुदानित महाविद्यालयाचं पगारबिल महिना संपायच्या बरंच आधी तयार होतं. ‘सेवार्थ’ प्रणालीत प्रत्येकाचं मूळ वेतन, भत्ते, कपाती भरायच्या, प्रिंट काढायची, प्राचार्यांची सही घ्यायची आणि बिल उच्च शिक्षण सहसंचालकांच्या सोलापूरच्या कार्यालयात पोचवायचं. मार्च २०२०चं बिलही वेळेत तयार होतं. मग ३१ मार्चला राज्य सरकारनं जाहीर केलं, की या महिन्याचा पगार दोन टप्प्यांत मिळेल. पहिल्या टप्प्यात गट अ आणि ब यांना निम्मा, गट क ला ७५ टक्के आणि गट ड ला पूर्ण. म्हणजे प्राध्यापकाला निम्मा, लिपिकाला पाऊण आणि शिपाईमामांना सगळा. निर्णयामागचा विचार मला तेव्हाही पटला होता. पण बिल नव्यानं करायचं कुणी आणि कुठे बसून? रस्त्यावर पोलीस, गेटला कुलूप. पासवर्ड आमच्या लिपिक भाऊसाहेबांकडे आणि पतसंस्थेच्या हप्त्यांची यादी ऑफिसच्या कपाटात. निम्म्या पगारातून पतसंस्थेचा हप्ता पूर्ण कापायचा की निम्मा, यावर फोनवर जी चर्चा झाली, ती मी शेजारी बसल्यासारखी ऐकली आहे.

मी सोलापूरच्या अशाच एका अनुदानित कॉलेजात शिकवतो. प्रवेश समिती आणि परीक्षा समिती या दोन्हींत असल्यानं माझा बराच वेळ ऑफिसात जातो. कोरोनाच्या त्या दोन वर्षांबद्दल कॉलेजवाले बोलतात ते झूमवरच्या तासांबद्दल, बंद कॅमेऱ्यांबद्दल. ते खरंच आहे, पण पोरगा कॉलेजात टिकला की गळला हे माझ्या पाहण्यात तरी तासांवर कमी आणि ऑफिसवर जास्त ठरलं. म्हणून ऑफिसचं लिहायला हवं.

१३ मार्च २०२० रोजी राज्यात साथरोग प्रतिबंधक कायदा लागू झाला. १८९७चा हा कायदा प्लेगच्या काळात केलेला. १६ तारखेपासून वर्ग बंद झाले, पण ऑफिसचं काम चालूच होतं. सोलापूर शहरात पहिला रुग्ण सापडला तो एप्रिलच्या मध्याला, पाच्छा पेठेत, आणि तोही मृत्यूनंतर. तिथून शहराचा नकाशाच बदलला. गल्लीच्या तोंडाला बांबू आडवे, पत्रे ठोकलेले, त्यावर ‘प्रतिबंधित क्षेत्र’ असा फलक. आमचे निम्मे लिपिक आणि मामालोक शहराच्या पूर्व भागात राहणारे. त्यामुळे हजेरीचं वेळापत्रक टेबलानुसार न लावता पेठेनुसार लावावं लागलं. आज कुठली गल्ली उघडी आहे, तिथला माणूस येणार, आणि मग तो कुठल्याही टेबलाचा असो, समोर येईल ते काम करणार. कॅशबुक लिहिणाऱ्या बाईंनी टीसी तयार केल्या, ग्रंथालय परिचरांनी टपाल फोडलं. एरवी प्रत्येक टेबलाची हद्द ठरलेली असते. मे महिन्यात त्या हद्दी उरल्या नाहीत.

बोनाफाइड दाखल्याचंच घ्या. एरवी खिडकीत अर्ज द्यायचा, दुसऱ्या दिवशी सही-शिक्क्याचा कागद न्यायचा. आता मुलगा अर्ज साध्या कागदावर लिहून त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतो. सोबत ओळखपत्र. लिपिक घरी बसलेले. पण नाव, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख यांचा शेवटचा शब्द जनरल रजिस्टरचा, आणि ते जाडजूड, कापडी बांधणीचं रजिस्टर कपाटातून बाहेर नेत नाहीत. तशी पद्धतच नाही. मग त्या दिवशी जो हजर असेल तो पान उघडणार, फोटो काढून घरच्या लिपिकाला पाठवणार, लिपिक दाखला टाइप करणार. इथवर जमलं. अडलं ते पुढे, जावक क्रमांकावर.

कॉलेजातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाला जावक रजिस्टरचा एक क्रमांक असतो. रजिस्टर एक, हात एक, तोवर गोंधळ नाही. पण तीन लिपिक तीन घरांतून दाखले करायला लागल्यावर एकाच क्रमांकाचे दोन दाखले निघाले. एक मुलगा बँकेत गेला, दुसरी मुलगी शिष्यवृत्तीसाठी. असा कागद पुढे कुणी पडताळायला घेतला, तर खोटा ठरायचा मुलाचाच. कार्यालय अधीक्षकांनी त्यावर उपाय काढला. प्रत्येक लिपिकाला क्रमांकांचा एकेक गट वाटून दिला, याला शंभर, त्याला पुढचे शंभर. आठवड्याच्या शेवटी जो कॉलेजात असेल, त्यानं सगळ्यांच्या नोंदी मूळ रजिस्टरात उतरवायच्या आणि न वापरलेल्या क्रमांकांपुढे लाल शाईनं ‘रद्द’ लिहायचं. शिक्क्याबाबत मात्र ते हटले नाहीत. शिक्का स्कॅन करून कुणाच्याही मोबाइलवर ठेवायचा नाही. एकदा तो मोबाइलमध्ये गेला की कॉलेजचा शिक्का कुणाच्या हातात आहे हे सांगता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे दाखला पीडीएफमध्ये, कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून थेट बँकेला, आणि मूळ कागद मुलगा सवडीनं नेणार. काही बँकांनी कुरकुर केली, नंतर चालवून घेतलं.

खिडकीला जाड प्लास्टिक लावलं, खाली कागद सरकेल एवढी फट ठेवली. आलेला कागद लगेच हातात घ्यायचा नाही, पत्र्याच्या ट्रेमध्ये टाकायचा आणि ट्रे व्हरांड्यातल्या उन्हात. सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचं. कागद भाकरीसारखे कडक होऊन आत यायचे. कागदानं रोग पसरण्याचा धोका फारसा नाही, हे पुढे कळलं. पण त्या उन्हाच्या भरवशावर माणसं निर्धास्तपणे काम करू शकली, हेही तितकंच खरं.

कनिष्ठ महाविद्यालयाचं वेगळंच. बारावीच्या उत्तरपत्रिका अडकून पडलेल्या. सरकारनं त्या शिक्षकांना घरी नेऊन तपासायला परवानगी दिली आणि राज्याचा बारावीचा निकाल १६ जुलै २०२०ला लागला. त्याच रात्री सोलापूर शहर आणि आसपासच्या गावांत २६ जुलैपर्यंत कडक लॉकडाऊन सुरू झाला. प्रवेश अर्जांची झुंबड आणि शहराला कुलूप, दोन्ही एकाच दिवशी.

तेव्हाचा भाऊसाहेबांचा एक फोन मला शब्दन् शब्द आठवतो. पलीकडे, दुसऱ्याच्या फोनवरून, एका मुलीची आई. विडी वळणारी. महाराष्ट्रात विडी कामगार बाया म्हटलं की सोलापूरच आधी आठवतं. कारखान्यातून पान-तंबाखू आणायची, घरी विड्या वळायच्या, हजाराच्या हिशेबानं मजुरी घ्यायची. कारखाने बंद म्हणजे घर बंद.

“अक्का, मोबाइलवर ओटीपी आला असंल बघा, सहा आकडे,” भाऊसाहेब म्हणाले.

“फोन मालक घेऊन गेलेत भाऊ. रात्री येतात.”

“किती वाजता?”

“नऊ वाजतात. मग लावू का?”

“लावा. मी जागा आहे.”

ओटीपीची मुदत काही मिनिटांची आणि घरात फोन एकच, तोही नवऱ्याच्या खिशात. असे फोन वाढत गेले, तेव्हा ऑफिसनं ठरवलं, की प्रवेशाचं ओटीपीचं काम दिवसा करायचंच नाही. रात्री साडेआठ ते साडेदहा, दोन लिपिक, दोन मोबाइल. त्यांतल्या एकाला तेलुगू उत्तम येतं, दुसऱ्याला कन्नड. हे मुद्दाम पाहून लावलं होतं, कारण पूर्व भागातल्या तेलुगू भाषक आईशी तेलुगूत बोललं की ती फोन ठेवत नाही, अडचण सांगते. फी किती, हप्ते कसे पडतील, आधार बँकेला जोडलेलं आहे का, महाडीबीटीवर शिष्यवृत्ती मिळेल का, सगळं त्या दोन तासांत. या कामाचा कुठेही अहवाल नाही, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या कुठल्या निकषात ते बसतही नाही. माझ्या मते त्या वर्षी आमच्या कॉलेजनं केलेलं सर्वांत मोलाचं काम हेच.

डिसेंबर २०२०मध्ये माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडमुळे त्यांचं नाव जगभर गेलं, आम्हा सगळ्यांना अभिमान वाटला. आमच्या खिडकीवर फीसाठी क्यूआर कोड चिकटवला तो त्याच वर्षी. पण कोड स्कॅन करायला हातात फोन लागतो. तो कुणाच्या हातात आहे, याची चौकशी करणारा माणूस कॉलेजला आधी नेमावा लागतो.

त्याआधी अंतिम वर्षाच्या परीक्षांचा घोळ कित्येक महिने चालला होता. राज्य म्हणत होतं नको, विद्यापीठ अनुदान आयोग म्हणत होता घ्याच. २८ ऑगस्ट २०२०ला सर्वोच्च न्यायालयानं परीक्षेविना पदवी नाही, असा निकाल दिला. सप्टेंबरच्या अखेरीस शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचं राज्यभर लेखणी बंद आंदोलन झालं. सातव्या वेतन आयोगासह त्यांच्या मागण्या जुन्या होत्या, रास्तही होत्या. ते थांबल्यावर परीक्षा ऑक्टोबरवर आल्या. बहुपर्यायी प्रश्न, ऑनलाइन किंवा ऑफलाइन असा पर्याय मुलांकडून आधीच भरून घेतलेला. ऑफिसनं प्रत्येक मुलाला फोन करून त्याची एक यादी केली. फोन स्वतःचा की मागून आणलेला, रेंज घरात येते की शेताच्या बांधावर, परीक्षेच्या वेळी गावात वीज असते का. त्या यादीवरूनच, ऑनलाइन लिहून दिलेल्या कितीतरी मुलांना आम्ही ऑफलाइनला वळवलं. त्यात १४ ऑक्टोबरला जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण गेले, अक्कलकोटकडे शेतं वाहून गेली. परीक्षा कुठली, आधी घर राहिलं का विचारा, असं शिपाईमामा म्हणाले, आणि त्या दिवशी यादी हातात घेऊन आम्ही तेच विचारत बसलो.

तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचा प्रश्न मात्र आमच्या ऑफिसच्या हातातला नव्हता. जितके तास तितके पैसे. वर्ग बंद म्हणजे तास नाहीत, निदान कागदावर तरी. ऑनलाइन तासांची नोंद कशी धरायची यावर पत्रं येत-जात राहिली आणि नेट-सेट झालेली, पीएचडी केलेली माणसं या काळात किराणा दुकानात हिशेब लिहीत होती, काही शेतावर परत गेली. अनुदानित जागेवर बसलेल्या माझ्यासारख्यांना निम्मा पगार उशिरा मिळाला, पण मिळाला. हा फरक मला विसरता येत नाही.

१५ फेब्रुवारी २०२१पासून निम्म्या क्षमतेनं कॉलेजं उघडली आणि महिन्याभरात पुन्हा मिटली. १७ एप्रिलला पंढरपूर-मंगळवेढा पोटनिवडणूक झाली, तोवर दुसरी लाट डोक्यावर होती. त्या लाटेत आमचे एक प्रयोगशाळा परिचर गेले. पुढचं काम ऑफिसलाच करायचं होतं. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या लिपिकानंच त्यांचं सेवापुस्तक काढलं. नेमणुकीची तारीख, वेतननिश्चिती, शिल्लक रजा, वारसाची नोंद. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या प्रस्तावात एकही त्रुटी निघता कामा नये म्हणून त्यानं प्रत्येक पान तीन-तीनदा वाचलं. त्रुटी निघाली की फाइल परत येते आणि घरातल्या बाईला महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते, हे त्याला ठाऊक होतं. वारसाच्या नावात एक वेलांटी चुकलेली होती. तेवढ्यासाठी प्रतिज्ञापत्र करून आणायला तो स्वतः गेला.

२० ऑक्टोबर २०२१ला कॉलेजं पुन्हा सुरू झाली, अट होती दोन डोसांची. गेटवर प्रमाणपत्रं तपासताना लक्षात आलं, की प्रथम वर्षातली बरीच मुलं अजून अठराची नाहीत आणि त्यांना लस तेव्हा उपलब्धच नव्हती. पंधरा ते अठरा वयोगटाचं लसीकरण सुरू झालं ते ३ जानेवारी २०२२ला, आणि त्याच आठवड्यात कॉलेजं परत बंद झाली. अखेर १ फेब्रुवारीपासून वर्ग भरले ते भरलेच.

क्रमांकांचे गट आता नाहीत, जावक रजिस्टर पुन्हा एकाच टेबलावर आलं. बोनाफाइडचा अर्ज ईमेलवर घेणं टिकलं, फीचा कोडही टिकला. रात्रीची वेळ तेवढी गेली. विडी वळणारी आई, मागावरचा बाप, दिवसा कामावरच असतात, पूर्वीही असायचे. आमची खिडकी मात्र पाचला मिटते. प्रवेशाच्या पंधरवड्यात निदान दोन दिवस रात्री नऊपर्यंत ती उघडी ठेवावी, असा मुद्दा मी स्टाफ मीटिंगमध्ये मांडला आहे. अधीक्षकांचा विरोध नाही. त्यांनी फक्त हजेरीपट पुढे सरकवला. निवृत्त झालेल्या लिपिकांच्या जागा भरलेल्या नाहीत, त्यामुळे रात्री बसवायला माणूस नाही. तेलुगू येणारे लिपिक मात्र तयार आहेत, दुसरा कुणी सोबतीला द्या म्हणतात. या जूनमध्ये मी बसणार आहे.