‘दणपती बाप्पा मोरया’ : घरच्या घरी उच्चारांचा सराव



दोन वर्षांपूर्वीच्या गणेशोत्सवातली गोष्ट. आरती संपली आणि आमचे साडेतीन वर्षांचे चिरंजीव सगळ्यांच्या वरताण आवाजात ओरडले, "दणपती बाप्पा मोरया!" हॉलमध्ये हशा पिकला. कुणीतरी म्हणाले, "पुन्हा म्हण रे!" त्याने पुन्हा म्हटले, पुन्हा हशा. त्यात मीही होतो. तिसऱ्यांदा आग्रह झाला तेव्हा तो आईच्या पदरामागे लपला आणि घरी पोहोचेपर्यंत एक शब्द बोलला नाही.

तेव्हापासून आजपर्यंत आम्ही जे शिकलो ते या लेखात मांडतो आहे. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, डॉक्टर नव्हे. तेव्हा हा लेख तज्ज्ञाच्या सल्ल्याऐवजी नव्हे, तर त्या सल्ल्याच्या जोडीला वाचावा, ही विनंती.

आमच्या दोन चुका

पहिली चूक म्हणजे वाट पाहणे. "मुलगे उशिराच बोलतात", "तूसुद्धा असाच बोबडा होतास" हे ऐकून आम्ही निश्चिंत होतो. थोडे बोबडे बोलणे हा वाढीचा भागच असतो, हे खरे. पण काही खुणा लक्षात ठेवाव्यात. दोन वर्षांच्या सुमारास मूल "बाबा ये", "दूध दे" असे दोन शब्द जोडू लागते. तीन वर्षांच्या मुलाचे बोलणे बाहेरच्या माणसालाही बहुतेक वेळा समजावे. शब्द मोजताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही धरावेत. आणि मूल आधी बोलत असलेले शब्द बोलेनासे झाले, तर कोणत्याही वयात लगेच डॉक्टरांना भेटावे.

दुसरी चूक जास्त महागात पडली. एका हितचिंतकाने सांगितले, "दोन भाषांनी मुलाचा गोंधळ होतो, मराठी बंद करा." आम्ही घरात फक्त इंग्रजी सुरू केले. चार महिन्यांत त्याचा ‘ग’ काही सुधारला नाही. बदल झाला तो एवढाच, की रविवारी साताऱ्याला व्हिडिओ कॉल लागला की तो "हाय आजी, बाय आजी" करून पळू लागला. एके दिवशी आईने मला विचारले, "माझं काही चुकलं का रे? तो माझ्याशी बोलतच नाही आता." त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पुढे स्पीच थेरपिस्टबाईंनी पहिल्याच भेटीत गैरसमज दूर केला. दोन भाषा ऐकल्याने बोलण्यात दोष येत नाही. खरा दोष असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. आईवडिलांनी मुलाशी त्यांना सर्वांत सहज येणाऱ्या भाषेत बोलावे, कारण त्या भाषेत बोलणे भरपूर आणि भावपूर्ण होते. त्याच संध्याकाळी आम्ही मराठीवर परतलो.

आधी कान, मग जीभ

उपचाराआधी श्रवणचाचणी झाली. लहान मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठते. मूल हाकेला ओ देते, पण त्याला बारीक ध्वनी अस्पष्ट ऐकू येतात. आमच्या मुलाचे कान ठीक निघाले.

त्याचा दोष अगदी नियमबद्ध होता. क, ग हे ध्वनी जिभेचा मागचा भाग वर टेकून होतात, तर त, द पुढच्या भागाने. हा मागचे काम पुढे करत होता. त्यामुळे ‘काका’चे ‘ताता’, ‘गाडी’ची ‘दाडी’ आणि ‘केक’चा ‘तेत’. अनेक मुले लहानपणी असे बोलतात आणि साडेतीनच्या आसपास बहुतेकांचे आपोआप सुटते. याचे सुटले नव्हते.

बाई अमेरिकन, त्यांना मराठीचा गंध नव्हता. आम्ही त्यांना मराठी ध्वनींचे एक पान लिहून दिले: आमच्यात ट, ड, ण, ळ असे जीभ वळवून काढायचे ध्वनी आहेत, ख, घ, भ असे महाप्राण आहेत, आणि आमचा ‘व’ इंग्रजीतल्या दोन्ही ‘व’कारांहून थोडा वेगळा आहे. त्याचा उपयोग झाला. मुलाचा ‘ट’ ही चूक नसून वारसा आहे, हे त्यांना कळले! तुम्हीही असे पान जरूर न्यावे.

सरावाच्या पायऱ्या

आठवड्यात बाईंची अर्धा तास भेट, उरलेले दिवस आपलेच. म्हणून घरचा सराव महत्त्वाचा. खालील क्रम आमच्या मुलाच्या ‘क’ आणि ‘ग’साठी होता. ध्वनी कोणता आणि तो कसा काढायचा हे तुमचा थेरपिस्ट ठरवील, पण पायऱ्या साधारण अशाच असतात.

१. ऐकणे. आधी मुलाला फरक कानाला जाणवला पाहिजे. मी चित्रांच्या जोड्या काढल्या: कार–तार, गार–दार, हाक–हात. मी शब्द म्हणायचा आणि त्याने चित्र दाखवायचे. या पायरीवर त्याने काहीच म्हणायचे नाही.

२. सुटा ध्वनी. बाईंनी त्याला उताणे झोपवून ‘क्’ म्हणायला लावले. उताणे झोपले की जीभ आपोआप मागे सरकते. घरी आम्ही दात घासताना गुळण्या करवल्या. "तो गुळगुळ आवाज जिथून येतो ना, तिथून ‘क्’ काढायचा." (गुळण्या बसून किंवा उभे राहूनच.)

३. अक्षर. का, की, कू, के, को. नंतर आक, ईक, ऊक. आमच्याकडे ही बाराखडी जिना चढताना होत असे, एका पायरीला एक अक्षर.

४. शब्द. आधी ध्वनी सुरुवातीला (कान, केळं, गाय), मग शेवटी (नाक, ताक), मग मधे (चकली, बागेत). दहापैकी आठ वेळा नीट आले की पुढे जायचे, नाहीतर एक पायरी मागे.

५. वाक्य आणि गोष्ट. "काकाने केळं कापलं." "गाय गवत खाते." चिऊकाऊच्या गोष्टीत कावळा किती वेळा येतो ते मोजून पाहा!

६. रोजचे बोलणे. ही शेवटची आणि सर्वांत लांब पायरी. सरावात अचूक बोलणारे मूल खेळताना पुन्हा ‘दाडी’ म्हणते. याला हट्ट समजू नये. नवी सवय घट्ट व्हायला वेळ लागतो.

क आणि ग दोन्ही भाषांत आहेत, त्यामुळे मराठी शब्दांवर केलेली मेहनत त्याच्या इंग्रजी बोलण्यातही दिसू लागली.

किती वेळ, कसा?

पाच ते दहा मिनिटे, दिवसातून दोनदा. रविवारी एकदम तासभर बसवण्यापेक्षा हे कितीतरी बरे. मी सुरुवातीला इंजिनिअरच्या थाटात संगणकावर तक्ता केला, आलेख काढला आणि प्रत्येक चुकीला खूण केली. तिसऱ्या दिवशी तक्ता पाहताच चिरंजीव टेबलाखाली! सौ.ने तक्ता काढून घेतला आणि सरावाची जागा बदलली: गाडीच्या मागच्या सीटवर, आंघोळीच्या वेळी, पोळ्या लाटताना. शब्द नीट आला की डब्यात एक राजमा टाकायचा. डबा भरला की बागेत जायचे. मी टिपणे ठेवतो, पण रात्री, तो झोपल्यावर.

सरावाबाहेर आम्ही चार नियम पाळले.

एक, चूक दाखवायची नाही, बरोबर शब्द परत द्यायचा. तो म्हणाला, "बाबा, लाल दाडी!" की आपण म्हणायचे, "हो रे, लाल गाडी! केवढी मोठी गाडी!" त्याला पुन्हा म्हणायला लावायचे नाही.

दोन, थांबायचे. विचारल्यावर मनातल्या मनात पाचपर्यंत मोजायचे. आपण मराठी माणसे मुलाचे वाक्य त्याच्या आधीच पूर्ण करतो.

तीन, परीक्षा कमी, गप्पा जास्त. "हे काय? तो रंग कोणता?" याऐवजी "मी कांदा कापतोय, डोळ्यांत पाणी आलं बघ" असे बोलत राहायचे. विचारायचेच तर निवड द्यायची: "केळं हवं की द्राक्षं?"

चार, पाहुण्यांसमोर "म्हणून दाखव" बंद. हा नियम आम्ही सर्वांत उशिरा शिकलो.

काय करू नये

फुगे फुगवणे, शिट्टी वाजवणे, जीभ बाहेर काढून व्यायाम करणे याने उच्चार सुधारतात, याला भक्कम पुरावा नाही. बोलणे बोलूनच सुधारते. जिभेला वेखंड उगाळून लावण्याचा सल्ला आपल्याकडे हमखास मिळतो. वेखंडातील एका घटकामुळे अमेरिकेत ते खाद्यपदार्थांत वापरण्यास १९६८ सालापासून बंदी आहे. मध तर एक वर्षाखालील बाळाला अजिबात देऊ नये, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. ‘जीभ चिकटली आहे, कापून घ्या’ असे कुणी म्हटल्यास आधी डॉक्टर आणि थेरपिस्ट दोघांना दाखवावे.

खर्चाची बाजू

मूल तीन वर्षांखालील असेल, तर प्रत्येक राज्यात अर्ली इंटरव्हेन्शनची योजना आहे. आईवडील स्वतः फोन करू शकतात, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. तपासणी मोफत असते. पुढील सेवेसाठी न्यू जर्सीसारख्या काही राज्यांत उत्पन्नानुसार वाटा भरावा लागतो.

तीन वर्षे पूर्ण झाली की जबाबदारी शाळा-डिस्ट्रिक्टची. मूल अजून शाळेत जात नसले तरी तपासणी मागता येते. मागणी तोंडी नको, तारीख घालून लेखी करावी आणि प्रत ठेवावी. संघराज्य कायद्यानुसार तुमच्या संमतीपासून ६० दिवसांत, किंवा राज्याने वेगळी मुदत ठरवली असल्यास तेवढ्यात, तपासणी व्हावी लागते. शक्य असेल तिथे ती मुलाच्या भाषेत व्हावी, असेही कायदा सांगतो. तेव्हा दुभाषा मागण्यास संकोच करू नये. मूल पात्र ठरले तर शाळेतील थेरपी मोफत मिळते. एच-४ व्हिसावरील पालक अनेकदा बिचकतात, पण सार्वजनिक शाळेचा हक्क व्हिसावर अवलंबून नाही. सर्वोच्च न्यायालयाचा १९८२ सालचा निकाल तसाच आहे.

खाजगी थेरपी घेणार असाल तर विमा कंपनीला आधी चार प्रश्न विचारा: वर्षाला किती भेटी? पूर्वपरवानगी लागते का? थेरपिस्ट नेटवर्कमध्ये आहे का? आणि मुळात न आलेले कौशल्य शिकवणारी, म्हणजे ‘हॅबिलिटेटिव्ह’, थेरपी धरली आहे का? बऱ्याच योजना आजार किंवा अपघातानंतरची थेरपी देतात आणि ही नाकारतात. २०१४ पासून वैयक्तिक आणि लहान कंपन्यांच्या नव्या पॉलिसींना ती द्यावी लागते, मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या योजनांना ते बंधन नाही. आमचा पहिला दावा नाकारला गेला. बालरोगतज्ज्ञांचे पत्र जोडून लेखी अपील केल्यावर तो मंजूर झाला. पहिल्या नकाराने खचू नये.

उरलेला खर्च एफ.एस.ए. किंवा एच.एस.ए.मधून करमुक्त पैशाने भागवता येतो. एफ.एस.ए.तील न वापरलेली रक्कम बहुतांशी बुडते, म्हणून अंदाज बेताने करा. एच.एस.ए.तील रक्कम पुढे राहते. शिवाय जी विद्यापीठे स्पीच थेरपिस्ट तयार करतात, त्यांपैकी अनेकांची दवाखानेवजा केंद्रे कमी दरात सेवा देतात.

यंदाचा गणपती

यंदा आरतीनंतर मी श्वास रोखून उभा होतो. चिरंजीवांनी आधी आजूबाजूला पाहिले आणि मग दणक्यात म्हटले, "गणपती बाप्पा मोरया!" मग प्रसादाच्या ताटाकडे धावत, "मला दोड मोदक!" म्हणजे सहावी पायरी अजून चालू आहे. वाढणाऱ्या काकू हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "गोड मोदक हवा? हा घे, गोड गोड मोदक."

साताऱ्याचे कॉल आता पाऊण तास चालतात. आजी कंटाळते, नातू नाही.

आपल्यापैकी कुणाच्या घरी असा प्रश्न असेल तर मनात ठेवू नका. मंडळाच्या कार्यक्रमात मला गाठा. ध्वनींचे ते पान आणि चित्रांच्या जोड्या यांच्या प्रती मी आनंदाने देईन.