दारू सोडणाऱ्यांची सभा कोठे भरते?

उपवासकाळात वेदीपुढे वाहिलेली दारू सोडण्याची शपथ पुनरुत्थानाच्या सणातच मोडलेली आम्ही पुष्कळदा पाहतो. शपथ खोटी नसते. माणूस एकटा पडतो. १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन शहरी बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ हे दोन मद्यपी एकमेकांच्या आधाराने सावरले, आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही संघटना उभी राहिली. तिच्या सभा आपल्याकडेही भरतात. कित्येकदा चर्चच्या वा शाळेच्या खोलीत, आणि शेजाऱ्यांना त्याची वार्ताही नसते! तेथे फी नाही, आडनाव सांगावे लागत नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट.

जवळची सभा कोणत्या वारी व कोठे, हे आपल्या फादरांस, सरकारी दवाखान्यात किंवा १४४४६ या नशामुक्तीच्या सरकारी दूरध्वनीवर विचारावे. सभा ‘खुली’ असल्यास घरच्यांनाही बसता येते. पती राजी नसला तरी पत्नीने खोळंबून राहू नये. कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’चे निराळे गट आहेत. मात्र वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडण्यापूर्वी डॉक्टरांस अवश्य भेटावे. कंप सुटून झटके येतात, व ते प्रसंगी जिवावर बेततात. गावात जाण्याची लाज वाटत असेल, तर शेजारच्या गावच्या सभेस जावे. कोणी हरकत घेत नाही.